पाठीवरच्या बिऱ्हाडाचा विमा

डेन्व्हरजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाने यंदा एप्रिलमध्ये एक सेकंडहँड कॅम्पर घेतला. पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात सरकवून बसवायचा, आत पलंग, शेगडी, बुटका फ्रिज, छतावर एसी. कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आले, मावशीने पुण्याहून नारळ फोडायला सांगितलं. मी वॉशिंग्टन राज्यात राहते आणि असाच एक कॅम्पर आम्ही सात वर्षं वापरतोय, म्हणून मी फोन करून रुक्षपणे विम्याचं विचारलं.

"ताई, ट्रकचा फुल इन्शुरन्स आहे की माझा. त्यातच आला ना हा?"

नव्हता आला. आणि त्याची चूक अगदी स्वाभाविक होती. अमेरिकेत अशी पिकअप-कॅम्परची हौस करणाऱ्या आपल्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा हाच समज असतो. त्यातून कोलोरॅडो म्हणजे गारांचा प्रदेश. ८ मे २०१७ ला डेन्व्हर परिसरात झालेल्या गारपिटीने दोन अब्ज डॉलर्सच्या वर नुकसान केलं होतं. अशा ठिकाणी फायबरग्लासचं घर अंगणात ठेवायचं तर त्याचा विमा नेमका कशाकशाचा, हे गारा पडण्याआधी कळलेलं बरं.

ही वस्तू नेमकी आहे तरी काय?

सगळा घोळ इथून सुरू होतो. कॅम्परला चाकं नाहीत, इंजिन नाही, ब्रेक नाहीत. ट्रेलर ट्रकच्या मागे जोडतात, मोटरहोम स्वतः चालते. हा मात्र ट्रकच्या पाठीवर बसतो. मराठीत ट्रकच्या मागच्या भागाला आपण हौदा म्हणतो आणि हत्तीच्या पाठीवरच्या बैठकीलाही हौदाच म्हणतो. इथे ते अगदी चपखल बसतं. ट्रक हा हत्ती आणि कॅम्पर ही त्याच्यावरची अंबारी. हत्तीचा विमा उतरवला म्हणून अंबारीचा उतरत नाही.

कायद्याच्या नजरेत तो बऱ्याच राज्यांत नुसता माल असतो, हौद्यात टाकलेल्या वाळूच्या पोत्यांसारखा. काही राज्यांना हे पटत नाही. आमच्या वॉशिंग्टनमध्ये आणि शेजारच्या ओरेगॉनमध्ये कॅम्परची स्वतंत्र नोंदणी करावी लागते, मालकीपत्र मिळतं. पण जिथे नोंदणीच नाही तिथे कॅम्परची ओळख म्हणजे कारखान्याने चिकटवलेला अनुक्रमांक, एवढीच. गाड्यांना असतो तसा, अक्षरं आणि आकडे मिळून सतरा खुणांचा क्रमांक त्याला बहुधा नसतो. त्यामुळे विमा कंपनीचा संगणक अडून बसतो. एजंटच्या पडद्यावर 'ट्रेलर' आणि 'मोटरहोम' असे दोन पर्याय दिसतात, आणि कंटाळलेला एजंट त्यातला जवळचा वाटेल तो निवडतो. कधी तर 'हौद्यावरचं झाकण' म्हणून नोंद होते. ही नोंद चुकली तर क्लेमच्या वेळी, ज्या वस्तूचा विमा आहे ती तुमच्याकडे नाही आणि जी तुमच्याकडे आहे तिचा विमा नाही, असा त्रिशंकू होतो. म्हणून एजंटशी बोलताना 'पिकअपच्या हौद्यात बसणारा, काढता येणारा कॅम्पर' असं पूर्ण वर्णन करायचं, आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर तेच उतरलंय का ते पाहायचं.

हे पहिलं पान महत्त्वाचं आहे. कोणती वस्तू, कोणतं संरक्षण, किती रकमेपर्यंत, हे सगळं तिथे छापलेलं असतं. इंग्रजीत त्याला डिक्लेरेशन्स पेज म्हणतात. मी पुढे नुसतं 'पहिलं पान' म्हणेन.

'काँप्रिहेन्सिव्ह' म्हणजे सगळं नव्हे

भारतातून आलेल्या माणसाला इथे एक शब्द हमखास फसवतो. आपल्याकडे गाडीचा विमा दोन प्रकारचा. एक थर्ड पार्टी, जो कायद्याने लागतोच. दुसरा काँप्रिहेन्सिव्ह, म्हणजे थर्ड पार्टी अधिक स्वतःच्या गाडीचं नुकसान, सगळं एकत्र. अमेरिकेत तोच शब्द वेगळ्या अर्थाने येतो. इथे गाडीच्या विम्याचे मुख्य तीन तुकडे असतात.

पहिला लायबिलिटी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते. दुसरा कोलिजन, म्हणजे तुमची गाडी कशावर तरी आदळली किंवा उलटली तर तिचं नुकसान. तिसरा काँप्रिहेन्सिव्ह, ज्यात कोलिजन सोडून इतर बाबी येतात: चोरी, आग, वादळ, गारा, पूर, पडलेलं झाड, फुटलेली काच. म्हणजे 'माझ्याकडे काँप्रिहेन्सिव्ह आहे' असं म्हणणाऱ्या माणसाने कॅम्पर पेट्रोल पंपाच्या छताला घासला तर त्याला एक डॉलरही मिळणार नाही, कारण ते कोलिजन. गंमत अशी की रस्त्यात हरीण आडवं आलं आणि त्याला धडक बसली, तर ते मात्र काँप्रिहेन्सिव्हमध्ये मोडतं. हरणाला चुकवायला गेलात आणि झाडावर आदळलात की पुन्हा कोलिजन.

कॅम्परवाल्यांसाठी कोलिजन विशेष मोलाचं, कारण ट्रकवर चढवल्यावर एकूण उंची अकरा-बारा फुटांपर्यंत जाते. ती उंची दोन दिवसांत विसरायला होते. झाडाच्या फांद्या, जुने पूल, बर्गरच्या दुकानांच्या खिडकीवरच्या कमानी, सगळे टपून बसलेले असतात. आमच्या छतावरचा एसी पहिल्याच उन्हाळ्यात एका फांदीने नेला.

ट्रकच्या पॉलिसीत कॅम्पर का येत नाही

लायबिलिटीचा भाग सोपा आहे आणि तो आपल्या बाजूचा आहे. कॅम्पर ट्रकवर असताना मागच्या गाडीला धक्का लागला, किंवा दोर तुटून कॅम्परच रस्त्यावर पडला आणि त्याखाली कुणाची गाडी आली, तर ती जबाबदारी ट्रकची. ती ट्रकच्या लायबिलिटीतून भागते. त्यासाठी कॅम्परचा वेगळा लायबिलिटी विमा बहुतेक ठिकाणी लागत नाही, आणि कॅम्परचा हप्ता मोटरहोमच्या मानाने कमी असतो याचं एक कारण हेच.

अडचण आहे ती खुद्द कॅम्परच्या नुकसानाची. अमेरिकेतल्या अनेक कंपन्यांच्या खासगी मोटार पॉलिसी एका प्रमाणित मसुद्यावर बेतलेल्या असतात. त्या मसुद्याच्या अपवादांच्या यादीत कॅम्परचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे: पहिल्या पानावर नोंद नसलेल्या ट्रेलरचं, कॅम्परच्या सांगाड्याचं किंवा मोटरहोमचं नुकसान भरून मिळणार नाही. त्यातली स्वयंपाकाची, जेवणाची, नळ-पाण्याची, फ्रिजची सोय आणि बाहेर पसरायचं कापडी छत यांचंही मिळणार नाही. मसुदा लिहिणाऱ्याने कॅम्परमध्ये दोन रात्री काढल्या असाव्यात इतकी ती यादी नेमकी आहे.

त्याच मसुद्यात एक छोटी खिडकीही ठेवलेली आहे. पॉलिसी चालू असताना नवा कॅम्पर घेतला आणि मालक झाल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला विमा उतरवायला सांगितलं, तर हा अपवाद लागू होत नाही. कंपनीगणिक दिवस बदलू शकतात, पण तत्त्व तेच. माझ्या भावाने कॅम्पर घेऊन अकरा दिवस झाले होते. मी त्याला फोन ठेवून एजंटला लाव म्हटलं.

"पण तो तर ट्रकला घट्ट बांधलेला आहे!"

हा आक्षेप प्रत्येक जण घेतो. म्युझिक सिस्टीम ट्रकला जोडली की ती ट्रकचा भाग होते, मग चार साखळ्यांनी आणि पेचांनी आवळलेला कॅम्पर का नाही?

पॉलिसीत बाहेरून बसवलेल्या वस्तूंसाठी वेगळी तरतूद असते हे खरं. पण ती साधारणपणे हजार ते काही हजार डॉलर्सपर्यंतच जाते. चाकं, दिवे, हौद्यावरचं साधं झाकण अशा गोष्टींसाठी ती आखलेली आहे. नवा टणक भिंतींचा कॅम्पर चाळीस-पन्नास हजारांच्या घरात सहज जातो. पैठणीच्या पदराला लावलेल्या पिनेच्या हिशेबात पैठणी बसवायची, तसा प्रकार. आणि जिथे वरचा स्पष्ट अपवाद छापलेला आहे, तिथे तेवढेही हातात पडतील याची खात्री नाही.

एजंट फोनवर "हो हो, कव्हर्ड आहे" असं म्हणाला तरी ते कागदावर हवं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. त्याच्या डोळ्यासमोर ट्रक असतो आणि तुमच्या डोळ्यासमोर कॅम्पर.

खाली उतरवला की तो कोण?

माझ्या मते निवडीचा खरा कस इथे लागतो, आणि कोटेशन घेताना याबद्दल जवळपास कुणी विचारत नाही.

आपला कॅम्पर वर्षातले किती दिवस ट्रकवर असतो? आमचा साधारण साठ. उरलेले तीनशे दिवस तो घरामागे आपल्या चार पायांवर, म्हणजे जॅकवर, उभा असतो. ट्रक तेव्हा ऑफिसला, किराणा आणायला, मुलांच्या खेळाला फिरत असतो. म्हणजे गारा, झाड, चोर, आग हे त्याला भेटण्याची शक्यता जास्त आहे ती ट्रकपासून सुटा असताना. काही पॉलिसी दोन्ही अवस्थांत सारखंच संरक्षण देतात. काही मात्र कॅम्परला ट्रकची पुरवणी समजून, तो ट्रकवर असतानाच धरतात. पहिल्या पानावरची रक्कम दोन्हीकडे एकच दिसते. हप्त्यात थोडा फरक दिसतो, आणि आपण स्वस्तवाला घेऊन मोकळे होतो.

त्याहून नाजूक म्हणजे मधला अर्धा तास. कॅम्पर चढवताना आणि उतरवताना चारही जॅक वर घेऊन त्याच्या पोटाखालून ट्रक मागे घ्यावा लागतो. दोन्ही बाजूंना बोटभर जागा. चाकाच्या वरचा फुगवटा जॅकला लागला, जमीन मऊ निघाली, वारा सुटला, की टनभर वजनाचं घर फरशीवर कोसळतं. आता हे कोलिजन की काँप्रिहेन्सिव्ह? ट्रक जॅकला लागला म्हणून टक्कर म्हणायची? की ट्रक हललाच नाही, जॅकच वाकला? मग जॅक झिजला होता म्हणून ती झीज धरायची, जी कुणीच भरून देत नाही? यावर क्लेम हाताळणाऱ्या दोन माणसांची दोन मतं होऊ शकतात. म्हणून हा प्रसंग असाच्या असा लिहून ईमेलने विचारायचा: चढवता-उतरवताना कॅम्पर पडला तर कोणत्या संरक्षणाखाली, किती मिळेल? उत्तर जपून ठेवायचं. मी ज्या तीन कंपन्यांना विचारलं त्यांपैकी एकीने सरळ उत्तर दिलं, आणि आमचा विमा तिच्याकडे आहे.

हिवाळ्यात कॅम्पर हलणारच नसेल तर काही कंपन्या 'स्टोरेज'चा पर्याय देतात. त्या महिन्यांत कोलिजन बंद, काँप्रिहेन्सिव्ह चालू, हप्ता कमी. चांगली सोय आहे, पण वसंतात ते परत सुरू करायचं लक्षात ठेवावं लागतं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर गुढीपाडव्याच्या चौकोनात आमची ही नोंद असते.

ट्रकच्या पॉलिसीत जोडायचा की वेगळा काढायचा?

दोन्ही रस्ते आहेत. ट्रकच्या पॉलिसीत कॅम्परची ओळ जोडली तर कागद एक आणि कंपनी एक. एका अपघातात ट्रक आणि कॅम्पर दोन्ही चेपले तर भांडायला दोन तंबू नसतात. वेगळी पॉलिसी काढली, त्यातही दुसऱ्या कंपनीकडे, तर त्याच अपघातात दोन अ‍ॅडजस्टर येतात. अ‍ॅडजस्टर म्हणजे आपल्याकडचा सर्व्हेअर. शिवाय डिडक्टिबल दोनदा भरावं लागू शकतं. डिडक्टिबल हा नुकसानातला पहिला वाटा, जो आपल्या खिशातून जातो.

तरीही कॅम्पर महाग असेल आणि बराच काळ जमिनीवर असेल तर माझा कल वेगळ्या पॉलिसीकडे आहे. कॅम्पर-मोटरहोमसारख्या राहत्या वाहनांसाठीच्या खास पॉलिसी कॅम्परच्या आतलं जग ओळखतात. कापडी छत, आतलं सामान, सहलीच्या मध्यावर कॅम्पर निकामी झाला तर हॉटेल आणि घरी परतण्याचा खर्च, असे तुकडे त्यांत जोडून मिळतात. पाच-सात हजारांचा जुना, घडी होणारा कॅम्पर असेल तर ट्रकच्याच पॉलिसीत एक ओळ वाढवून घ्या आणि फिरायला निघा.

पैसे मिळणार, पण किती?

आता आकड्यांकडे. भारतात गाडीच्या विम्यात आयडीव्ही असते हे सगळ्यांना माहीत आहे. गाडी पूर्ण गेली तर मिळायची रक्कम, जी वर्षाच्या सुरुवातीलाच कागदावर ठरते. घसाऱ्याचं कोष्टकही ठरलेलं: गाडी एक ते दोन वर्षांची असेल तर २० टक्के कापायचे, चार ते पाच वर्षांची असेल तर ५० टक्के. आवडो न आवडो, आकडा आधी समोर असतो.

अमेरिकेतल्या नेहमीच्या पॉलिसीत तसा आकडा नसतो. तिथे 'अ‍ॅक्चुअल कॅश व्हॅल्यू', म्हणजे नुकसानाच्या आदल्या क्षणी बाजारात त्या वस्तूला जी किंमत आली असती ती. किंमत नंतर ठरते, आणि ठरवण्याची सुरुवात कंपनी करते. टोयोटा कॅमरीच्या बाबतीत हे ठीक, तशा हजारो गाड्या रोज विकल्या जातात. काढत्या कॅम्परचा बाजार चिमुकला. सहा वर्षं जुना, त्याच मॉडेलचा, त्याच सोयींचा कॅम्पर अख्ख्या राज्यात एखादाच विकायला असेल. मग तुलना कशाशी करायची, यावरून ओढाताण होते.

म्हणून तीन पर्याय विकले जातात, आणि त्यांची नावं मुद्दाम सारखी ठेवल्यासारखी वाटतात. 'अ‍ग्रीड व्हॅल्यू'मध्ये तुम्ही आणि कंपनी आधीच एक रक्कम कबूल करता. कॅम्पर पूर्ण गेला तर तीच मिळते. आपल्या आयडीव्हीची ही सख्खी बहीण. 'स्टेटेड व्हॅल्यू'मध्ये तुम्ही रक्कम सांगता, पण मिळताना ती रक्कम आणि बाजारभाव यांतलं जे कमी असेल ते मिळतं. ही सावत्र बहीण, आणि मला अजिबात न आवडणारी. तिसरं 'टोटल लॉस रिप्लेसमेंट': कॅम्पर नवा असताना पहिल्या काही वर्षांत गेला तर तसाच नवा. भारतात 'रिटर्न टू इन्व्हॉइस' नावाने जे विकतात, त्याच्या जवळपास. हे सहसा नवा कॅम्पर घेणाऱ्या पहिल्या मालकालाच मिळतं.

समजा, कॅम्पर ४०,००० डॉलर्सना नवा घेतला. सहा वर्षांनी बाजारभाव २२,०००. पहिल्या पानावर तुम्ही ३०,००० लिहिलेत, डिडक्टिबल १,०००. कॅम्पर जळून खाक झाला. साध्या पॉलिसीत २१,००० मिळतील. अ‍ग्रीडमध्ये २९,०००. आणि स्टेटेडमध्ये? ३०,००० लिहूनही २१,०००च. हप्ता मात्र बऱ्याचदा ३०,००० च्या हिशेबाने गेलेला असतो.

कॅम्पर कर्जावर घेतला असेल तर कोलिजन आणि काँप्रिहेन्सिव्ह दोन्ही हवेत असं बँकच सांगते. पण बँकेला तिच्या थकबाकीपुरती काळजी असते, तुमच्या भरलेल्या रकमेची नसते.

आणि फोटो काढा. सोलर पॅनेल, लिथियम बॅटरी, बदललेल्या गाद्या, प्रत्येकाची पावती. ज्या कॅम्परवर मालकाने हौसेने पाच हजार घातलेत त्याची किंमत तुलनेच्या तक्त्यात शून्याने वाढते, जोवर तुम्ही पावत्या पुढे करत नाही.

घराच्या विम्यात भागत नाही का?

काही अंशी भागतं. अमेरिकेतल्या घरमालकाच्या नेहमीच्या पॉलिसीत तुमचं वैयक्तिक सामान जगात कुठेही असलं तरी धरलेलं असतं. कॅम्परमधले कपडे, भांडी, लॅपटॉप चोरीला गेले तर क्लेम करता येतो. पण घराच्या पॉलिसीचं डिडक्टिबल जास्त असतं, आणि हजार-दीड हजारांच्या सामानासाठी घरावर क्लेमचा डाग लावून घेणं महागात पडतं. खुद्द कॅम्परसाठी त्या पॉलिसीवर विसंबणं मला धाडसाचं वाटतं.

लायबिलिटीचं थोडं वेगळं. कॅम्पर रस्त्यावर धावत असताना ट्रकची पॉलिसी जबाबदार, हे झालं. पण कॅम्पग्राऊंडवर मुक्काम पडलाय, शेजारच्या तंबूतली बाई चहाला आली आणि तुमच्या पायरीवरून घसरली, तर? तेव्हा कॅम्पर वाहन नसून घर झालेला असतो. त्यासाठी खास पॉलिसीत 'व्हेकेशन लायबिलिटी' नावाचा तुकडा असतो. स्वतःचं घर असेल तर घराची वैयक्तिक लायबिलिटी बऱ्याचदा इथे उपयोगी पडते. भाड्याने राहणाऱ्यांनी मात्र हा तुकडा जरूर घ्यावा.

आणि पायरीवरून घसरणारी व्यक्ती शेजारीण नसून आई असेल तर? आपल्याकडे हा प्रश्न काल्पनिक नाही. आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात, यलोस्टोनला नेलं जातं, आणि कॅम्परची पायरी गुडघ्यांना उंच पडते. लायबिलिटीच्या पॉलिसी घरातच राहणाऱ्या नातेवाइकांना सहसा पैसे देत नाहीत. मग सहा महिने आलेली आई पाहुणी की घरची? आपण जे उत्तर प्रेमाने देऊ, तेच विमा कंपनीला हवं असतं. त्यांचा स्वतंत्र आरोग्य विमा भारतातून निघतानाच काढलेला असावा, कॅम्परच्या पॉलिसीवर हा भार टाकू नये.

"वजन जास्त भरलं तर क्लेम नाकारतात म्हणे"

कॅम्परवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. खरी भीती वेगळी आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

ट्रकच्या ड्रायव्हरच्या दारात एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. कॅम्परच्या जाहिरातीतलं वजन बहुधा रिकाम्याचं असतं. दीडशे लिटर पाणी भरलं की दीडशे किलो वाढले. गॅसची टाकी, बॅटऱ्या, तांदूळ, कुकर, चार माणसं. अर्ध्या टनाचा म्हणून विकला जाणारा ट्रक प्रत्यक्षात टणक भिंतींच्या कॅम्परखाली केव्हाच दबून जातो.

पण नेहमीच्या खासगी मोटार पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यात 'वजन जास्त असेल तर पैसे नाहीत' असं कलम नाही. माणसाच्या चुका भरून काढायलाच लायबिलिटी विमा असतो. धोका आहे तो मर्यादेचा. ब्रेक लागले नाहीत, समोरच्या गाडीतल्या तिघांना इजा झाली, आणि त्यांच्या वकिलाने दारावरच्या स्टिकरचा फोटो आणि वजनकाट्याची पावती शेजारी शेजारी ठेवली, की नुकसानभरपाईचा आकडा फुगतो. कोलोरॅडोत कायद्याने लागणारी किमान लायबिलिटी एका माणसाच्या इजेसाठी २५,००० डॉलर्स, अख्ख्या अपघातातल्या इजांसाठी ५०,००० आणि मालमत्तेसाठी १५,००० आहे. कॅलिफोर्नियाने १९६७ पासून न बदललेली मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून वाढवली, तरी ती ३०,०००, ६०,००० आणि १५,००० एवढीच आहे. इथल्या हॉस्पिटलात दोन रात्री राहिलेल्याला हे आकडे किती तोकडे आहेत ते सांगायला नको. त्यावरचे पैसे तुमच्या घरातून आणि पगारातून जातात. अवजड ट्रक चालवणाऱ्याने किमान मर्यादेवर थांबू नये, आणि घरदार असेल तर वरून छत्रीसारखी 'अंब्रेला' पॉलिसी घ्यावी. दहा लाख डॉलर्सच्या अंब्रेलाचा हप्ता ऐकून माझ्या ओळखीचे बहुतेक जण चकित झाले, ते स्वस्ताईने.

जे कुणीच भरून देत नाही

कॅम्पर मरतात ते बहुधा अपघाताने नव्हे, पाण्याने. छताच्या सांध्यावरचं सील दोन वर्षांत तडकतं, भिंतीतलं लाकूड आतून कुजतं, आणि एक दिवस कोपरा बोटाने दाबला की आत जातो. हे हळूहळू झालेलं नुकसान म्हणून अपवादात जातं. बुरशी आणि कूज यांचंही तेच, आणि उंदरांनी वायर कुरतडल्या तर बऱ्याच पॉलिसी तिथेही हात वर करतात. वादळात झाड पडून छत फाटलं आणि त्यातून पाणी आलं तर मिळतं. फरक दाखवायला आधीचे फोटो लागतात. दर सहा महिन्यांनी शिडी लावून सील पाहणं हा या विम्याचा बिनहप्त्याचा भाग.

कॅम्पर ॲपवर भाड्याने देणार असाल तर बहुतेक खासगी पॉलिसी त्या काळापुरत्या गप्प होतात. मेक्सिकोत, म्हणजे बाहा कॅलिफोर्नियाच्या लाडक्या किनाऱ्यावर जाणार असाल तर लायबिलिटी मेक्सिकन कंपनीचीच लागते, अमेरिकन कागद तिथे चालत नाही. कॅनडात सहसा अडचण येत नाही. घर सोडून कायम कॅम्परमध्येच राहणार असाल तर ते कंपनीला सांगावंच लागतं, त्यासाठी 'फुल-टायमर' म्हणून वेगळा प्रकार असतो. रस्त्यावरच्या मदतीची सेवा घेताना ट्रकचं कॅम्परसकट वजन आणि उंची सांगा. रिकाम्या ट्रकसाठी येणारी टोइंगची गाडी कॅम्पर पाहून परत गेल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय, रात्री दहा वाजता.

भावाचं पुढे काय झालं

तेराव्या दिवशी त्याला एजंट भेटला. पहिल्या कंपनीने कॅम्पर ट्रकवर असतानाच धरू असं सांगितलं, म्हणून त्याने दुसरीकडे वेगळी पॉलिसी घेतली. सुटा असतानाही पूर्ण संरक्षण, १८,००० ची अ‍ग्रीड व्हॅल्यू, डिडक्टिबल ५००. चढवता-उतरवताना पडला तर कोलिजनमधून देऊ, असं एजंटने ईमेलमध्ये लिहून दिलं. पहिल्या पानाचा फोटो त्याने मला पाठवला, खाली अंगठा आणि हसरा चेहरा.

मी फोटो मोठा करून पाहिला आणि त्याला कॅम्परच्या दारामागचा स्टिकर पाठवायला सांगितलं. अनुक्रमांकात शेवटून तिसरा आकडा स्टिकरवर ८ होता, कागदावर ३. मी त्याला पुन्हा एजंटला फोन लावायला सांगितला.